'हृदय' किती वेळा आलंय ते मोजून या

पेठेतल्या एका बोळात माझं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं आणि वर्षाकाठी सात-आठ काव्यसंग्रह. संग्रह बहुतेक स्वखर्चाचे. टाइप मीच करतो, प्रुफंही मीच बघतो. त्यामुळे गेल्या अठरा वर्षांत कोल्हापूर जिल्ह्याचं जेवढं दुःख माझ्या बोटांखालून गेलंय, तेवढं एखाद्या डॉक्टरच्याही गेलं नसेल. त्यातलं बरंचसं खरं असतं, एवढं मी शपथेवर सांगतो. माणसाचं काहीतरी मोडलेलं असतं, म्हणून तर तो पदरचे पैसे घालून छापायला येतो. पण कागदावर ते उतरलेलं नसतं, आणि न उतरण्याची कारणं दरवर्षी तीच.

भावनेचं नाव लिहून मोकळं होणं

फाइल हातात आली की मी आधी शोधाच्या चौकटीत 'हृदय' टाकतो. मग वेदना, अश्रू, विरह, काळीज. एका बहाद्दराच्या ६४ पानी संग्रहात 'वेदना' ७१ वेळा निघाली. विचारलं, कसली हो वेदना? तर म्हणाला, "ते वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं." पाकिटावर नाव घातलंय, आत चिठ्ठीच नाही, वाचणारा काय समजून घेणार?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. पुढची दोन वर्षं माझ्या दुकानात पुराच्या कविता साचल्या होत्या. प्रलय, तांडव, रौद्र सरितामाई, अश्रूंचा महापूर. नदीकाठच्या गावातला एक पोरगा असंच बाड घेऊन आला. पंचवीस पानं टाइप झाली तरी त्याचं गाव काही दिसेना. तीच कविता बिहारातल्या पुरावर खपली असती. शेवटी चहा मागवला आणि विचारलं, पाणी उतरल्यावर घरी गेलास तेव्हा काय बघितलंस?

"काय बघणार? चिखल. पंख्याच्या पात्याला उसाचा पाला अडकलेला. गोठ्यात खुंट्याला निम्मं दावं. आबानं इळ्यानं कापून म्हशी सोडल्या हुत्या, गाठ सोडवायला येळच न्हवता."

मग जरा थांबून म्हणाला, "नवं दावं आणलंय. पण ती जुनी गाठ आबा अजून सोडू देत न्हाई."

मी कीबोर्डवरनं हात काढला. म्हटलं, हे कुठाय या बाडात?

"त्यात काय कविता हाय व्हय?"

हेच ते. त्याच्या लेखी कविता म्हणजे 'तांडव', आणि दावं म्हणजे घरातली गोष्ट. आमच्याकडं पावसाळ्यात भेटणारा प्रत्येक जण आधी "किती फूट?" विचारतो. ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. नुसता ४३ हा आकडा ऐकून इथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. 'महाप्रलय' वाचून आजवर कुणी गादी माळ्यावर टाकलेली नाही.

भावनेचा शब्द वापरूच नये, असं मी म्हणत नाही. तुकोबांनी वापरलाय. 'कन्या सासुऱ्यासी जाये । मागें परतोनी पाहे' या अभंगात 'तळमळी' हा शब्द आहे, पण तो अगदी शेवटचा. त्याच्याआधी मागं वळून बघणारी लेक येऊन जाते, आई चुकलेलं बाळ येतं, पाण्याबाहेरची मासोळी येते. मग तुकोबा म्हणतात तळमळ. तोवर ती आपल्याला लागलेली असते.

बालकवींनी 'औदुंबर'मध्ये तेवढंही केलं नाही. आठ ओळींची कविता, 'उदास' असा शब्द कुठं सापडायचा नाही. सगळीकडं हिरवं, निळंसावळं, मधूनच एक पांढरी पायवाट, आणि ती निघालीय काळ्या डोहाकडं. रंग बदलतात तसं वाचता वाचता गार वाटायला लागतं. पाण्यावर पसरलेल्या काळिम्याला ते 'गोड' म्हणतात, त्या एका शब्दावर मी कितीदा अडलोय. आमच्या दुकानातल्या नवकवीनं नवव्या ओळीत 'किती हा एकाकीपणा…!' घातलं असतं.

माझा उपाय अडाणी आहे. कविता कागदावर काढायची आणि भावनेचं नाव असलेला प्रत्येक शब्द लाल पेनानं खोडायचा. उरलेलं वाचायचं. काहीच उरलं नसेल, तर कविता अजून लिहायची आहे.

भारी शब्द शोधायला फोनमध्ये जाणं

'पाणी' साधं वाटतं, म्हणून फोनमध्ये समानार्थी शब्द बघायचे आणि जो मात्रांत बसेल तो उचलायचा. याच्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा येत नाही. पाणी, जल, नीर, उदक यांचा अर्थ एक असेल. वास एक नाही. पाणी घरातलं आहे, जल पूजेच्या तांब्यातलं. आणि उदक म्हटलं की मराठी माणसाला आधी ते सोडणं आठवतं.

एका गृहस्थांनी आईवर कविता लिहिली होती: उन्हातून दमून आलो, मातेने उदक दिले. मला टाइप करतानाच खटकलं. बोललो नाही, कारण हॉल ठरला होता, पाहुणे ठरले होते, हार सांगून झाले होते. फक्त कविता तेवढ्या व्हायच्या राहिल्या होत्या. ही हल्लीची रीतच झालीय, आधी प्रकाशनाची तारीख आणि मग लेखन. असो. समारंभात त्यांनी ती कविता गळा भरून वाचली. खाली उतरल्यावर एका वृद्धांनी त्यांचा हात धरून विचारलं, "आई कधी गेल्या?" आई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नऊवारी नेसून, हातात पेढ्याचा बॉक्स.

माझे वडील ट्रेडलच्या छापखान्यात खिळेजुळारी होते. एकेक अक्षर चिमटीत धरून शब्द उभा करायचा, आणि चुकला तर परत सगळे खिळे कप्प्यात. असं काम केलेला माणूस शब्द उगाच बदलत नाही. आता बोट फिरवलं की आई जाऊन जननी येते. घरात ज्या बाईला जन्मभर 'आय' म्हणून हाक मारली, तिला कवितेत 'माय' करणारे तर आठवड्याला एक येतात. बहिणाबाईंच्या ओळीत 'माय' शोभते, कारण ती त्यांच्या तोंडची आहे. तुमच्या तोंडात जे होतं ते लिहा की. मी संशय आला की ओळ दुकानातल्या पोराला मोठ्यानं वाचून दाखवतो. तो ज्या शब्दाला हसतो, तो शब्द जातो.

बाकीच्या, थोडक्यात

जीवनाची नौका तिसऱ्या ओळीत वात होऊन जळायला लागते. नौकेला आग लागलीय, हे कवीला माहीत नसतं. एका कवितेला एक चित्र पुरे, तेच शेवटपर्यंत न्या.

रंकाळ्यावरचा सूर्यास्त कृपा करून पाच वर्षं बंद ठेवा. पाणी ओसरलं की वर येणारा संध्यामठ त्याच रंकाळ्यात आहे, त्याच्याकडं कुणी बघत नाही.

चातक, चकोर, राजहंस. पाहिलाय का? नसेल, तर साळुंकी चालेल.

यमकासाठी 'प्रीती'च्या मागं 'भीती' ओढून आणायची, म्हणजे सगळी भावना शेपटीला बांधायची. वृत्तात लिहायचं तर नीट शिका. 'छंदोरचना' लिहिणारे माधव जूलियन याच गावात राजाराम कॉलेजात शिकवत होते, निदान तेवढी लाज ठेवा. नाहीतर सरळ मुक्तछंद.

रांगडेपणासाठी कवितेत 'रं', 'गं' आणि शिव्या पेरणं. घरात शुद्ध बोलणारा माणूस माइकपुढं अचानक शेतकरी होतो, ते लगेच कळतं.

ओळीओळीला तीन टिंबं. ती मी विचारल्याशिवाय काढतो. आजवर एकाच्याही लक्षात आलेलं नाही.

आणि ऐकणारा "छान आहे" म्हणून फोन बघायला लागला, तर त्याला अरसिक ठरवू नका. घरी जाऊन पहिलं आणि शेवटचं कडवं झाकून वाचा. पहिल्यात कवी घसा साफ करत असतो आणि शेवटच्यात समजावून सांगत असतो. माझ्याकडच्या दहातल्या सात कवितांत मधलं तेवढंच कामाचं निघतं.

तो पुराचा पोरगा चार महिन्यांनी परत आला. बाड निम्मं झालं होतं. दाव्याची कविता सहा ओळींची, त्यात रडणं कुठंच नाही. आबा, विळा, खुंटा आणि गाठ. मी प्रुफ दोनदा वाचलं, चूक शोधायला नव्हे. पंखा आणि उसाचा पालाही आला होता, जरा लांबला होता, पण आला होता. संग्रहाचं नाव मात्र त्यानं 'प्रलयतांडव'च ठेवलं. तासभर वाद घातला, ऐकलं नाही. छापलं. पैसे त्याचे होते.