चालता-पळताना हातात घ्यायची वजनं कशी बनवावीत

पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या भरा, हातात धरा आणि चालायला लागा, हा सल्ला सर्रास दिला जातो. देणाऱ्याने त्या बाटल्या एकदा साताऱ्यातल्या पोवई नाक्यापासून बोगद्यापर्यंत नेऊन बघाव्यात. बाटलीचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या घरात, म्हणजे घेर वीस सेंटिमीटर. बोटं तिच्याभोवती मिटत नाहीत. मग ती निसटू नये म्हणून माणूस पंजा आवळून धरतो. खांदे वर चढतात, मान आखडते, आणि थोड्याच वेळात कोपराच्या बाहेरच्या बाजूला रग लागते. व्यायाम पायांचा आणि दुखणं कोपराला.

दुकानात मिळणारे रंगीत अर्ध्या किलोचे डंबेल्स यापेक्षा बरे, पण तेही एका जागी बसून किंवा उभं राहून उचलायला केलेले असतात. चालण्यासाठी नव्हे. दोन टोकांना गोळे, मधे बारीक दांडी. हात पुढे-मागे झुलायला लागला की ते गोळे मनगटाला पिळतात. तालमीतला मुद्गल मुद्दाम असाच घडवलेला असतो: वजन मुठीपासून लांब, कारण तिथे खांद्याला कामाला लावायचं असतं. आपल्याला नेमकं उलटं हवंय. वजन मुठीच्या आत हवं.

आणि एक अट, जिच्यातून बाकीचं सगळं डिझाइन निघतं: हे वजन धरावं लागता कामा नये. पाचही बोटं उघडली तरी ते तळव्यातच राहिलं पाहिजे. मिनिटाला ११० पावलांनी अर्धा तास चाललात तर ३३०० पावलं होतात, म्हणजे प्रत्येक हात १६५० वेळा पुढे जाऊन मागे येतो. तेवढा वेळ मूठ आवळलेली ठेवली तर कोपर कुरकुरणारच. शिवाय सतत मूठ आवळल्याने रक्तदाब वाढतो. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, खांदा धरलेला आहे किंवा बोटांना मुंग्या येतात, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, मग लेथवाल्याकडे, म्हणजे लोखंड कातून-कापून देणाऱ्या कारागिराकडे जावं.

वजन किती

चालायला हाताला अर्धा किलो. नवख्याने ३०० ते ४०० ग्रॅमपासून सुरू करावं. पळायला अर्ध्या किलोच्या वर अजिबात नको. एक किलोची जोडी घेऊन पळा म्हणणारे भेटतील, त्यांना हसून नमस्कार करा.

कारण सांगतो. मिनिटाला १६८ पावलं पडत असतील तर प्रत्येक हाताच्या ८४ फेऱ्या होतात. हात मधल्या जागेपासून १५ सेंटिमीटर पुढे आणि तितकाच मागे जातो असं धरलं, तर प्रत्येक टोकाला हात थांबवून उलटा फिरवताना अर्ध्या किलोचं वजन आडव्या दिशेने जवळजवळ ६०० ग्रॅमची ओढ देतं. खाली खेचणारा अर्धा किलो आहेच. एक ओढ आडवी, एक खाली, त्यामुळे सरळ बेरीज होत नाही, पण दोन्ही मिळून खांद्याला ते पाऊण किलोच्या वर जाणवतं, आणि एका मिनिटात १६८ वेळा. एक किलो घेतलात तर हा हिशेब सरळ दुप्पट.

फायदाही मोजून-मापूनच असतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात लेनर्ड श्वार्ट्झ या डॉक्टरांनी हातात वजनं घेऊन, हात जोरात वर-खाली करत चालण्याचा प्रकार लोकप्रिय केला. त्यातली मेख हात वर-खाली करण्यात आहे: हात हलवला तर दम लागतो. वजन घेऊन हात लोंबते ठेवले तर नुसतं ओझं वाहिल्यासारखं होतं.

लोखंड निवडणं

साधा गोल गज घ्या, ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत चकचकीत गज मिळाला तर उत्तम. वजन काढायचं सूत्र कुठलाही सेंट्रिंगवाला किंवा सळईचा व्यापारी तोंडपाठ सांगेल: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की एका मीटरचं वजन किलोमध्ये येतं. २५ मिलिमीटरच्या गजाला ६२५ भागिले १६२, म्हणजे मीटरला ३.८६ किलो. १३ सेंटिमीटरचा तुकडा बरोबर ५०० ग्रॅम. २२ मिलिमीटरचा १२ सेंटिमीटर तुकडा ३६० ग्रॅम, वर रबर आणि पट्टा धरून ४०० च्या आसपास. दोन मापं पुरे झाली.

प्लास्टिकच्या पाइपात वाळू भरण्याच्या फंदात पडू नका. वाळूची घनता लोखंडाच्या पाचव्या हिस्स्याच्या आसपास असते. मुठीत मावेल अशा एक इंची पाइपाच्या १३ सेंटिमीटर तुकड्यात जेमतेम सव्वाशे ग्रॅम वाळू बसते. अर्धा किलो करायचा तर पाइप एवढा लांब होतो की मांडीला लागतो. छर्रे भरले तर वजन येतं, पण प्रत्येक पावलाला ते आतल्या आत सरकतात आणि खुळखुळा वाजतो.

शिसं वितळवून पाइपात ओतणं तर साफ बंद. त्याचा धूर विषारी, त्याची धूळ विषारी, आणि घामाने ओल्या हातात रोज धरायची वस्तू शिशाची कोण करतं? टायरच्या दुकानातून चाकाची जुनी वजनं आणून वितळवणारे महाभाग आहेत म्हणून लिहिलं.

तुकडे एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवर कापून घ्या. दोन्ही तोंडं फेसिंग मारून सपाट, कडांना दोन मिलिमीटरचा चॅम्फर, म्हणजे धार मोडणारा तिरका काप. नर्लिंग (पकडीसाठी पाडलेली खरखरीत जाळी) नको, तळहाताची सालटी निघतात. दोन्ही तुकडे एकाच काट्यावर तोला, पाच ग्रॅमच्या आत फरक चालेल.

पट्टा

खरं काम इथे आहे. या पायरीने मला सगळ्यात जास्त घाम फोडला, म्हणून सविस्तर.

गजाच्या दोन्ही तोंडांवर मधोमध भोक पाडून सहा मिलिमीटरचे आटे पाडून घ्या, खोली १५ मिलिमीटर. पट्ट्याची दोन टोकं इथे बोल्टने बसणार आणि पट्टा हाताच्या पाठीवरून जाणार. पट्टा म्हणून बॅगेला लावतात ती दीड इंची नायलॉनची पट्टी घ्या. अरुंद पट्टी घेतलीत तर ती हातात रुतते. हाताला लागणाऱ्या बाजूने सुती कापडाचं अस्तर शिवून घ्या, आणि टोकं दुमडून त्यात पितळी आयलेट (भोकाला बसवायची कडी) ठोकून घ्या. बॅगा शिवणारा कारागीर हे सगळं बसल्या बसल्या करून देतो.

आता मुख्य अडचण. आयलेटमधून बोल्ट घातला, वर वायसर ठेवला आणि आवळला, तर पहिल्या दिवशी सगळं झकास वाटतं. चार दिवसांनी एका बाजूचा बोल्ट ढिला होतो. तो पुन्हा आवळा, पुन्हा ढिला होतो, आणि नेहमी त्याच बाजूचा. लोक बोल्टला शिव्या देतात, बोल्ट बदलतात, स्प्रिंग वायसर टाकतात. बोल्टचा दोष नसतो. चालताना गज तळव्यात किंचित गरगर फिरत असतो आणि पट्टा हाताला चिकटून स्थिर असतो. दोन्ही बोल्ट उजव्या आट्यांचे, पण तोंडं एकमेकांच्या विरुद्ध. त्यामुळे गज ज्या दिशेला फिरतो त्या दिशेने एक बोल्ट घट्ट होतो आणि दुसरा सुटतो. चिकटवायचं औषध लावलं तर थोडे दिवस जास्त निघतात, इतकंच.

उपाय बुशचा. बोल्टवर बसेल अशी छोटी नळी लेथवाल्याकडून कापून घ्या. तिची लांबी दुमडलेल्या पट्ट्याच्या जाडीपेक्षा एक मिलिमीटर जास्त हवी, आणि आयलेटचं भोक बुशच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडं मोठं. आता बोल्ट आवळला की वायसर बुशवर दाबला जातो, बुश गजावर. मधे पट्टा मोकळा राहतो आणि बुशभोवती निवांत फिरतो. बोल्टला फिरवणारं कोणी उरत नाही. हा एक मिलिमीटर विसरू नका. बुश पट्ट्याएवढाच कापला तर शिलाई दबते, पट्टा पुन्हा बोल्टला धरतो आणि तुम्ही जिथे होता तिथेच. लेथवाला ‘एवढ्याला काय होतंय’ म्हणेल. त्याला म्हणू द्या, माप मात्र कॅलिपर लावून घ्या.

मग पट्ट्याची जागा. हाताच्या पाठीवर बोटांच्या गाठींच्या लगेच मागे, तळहाताच्या सपाट हाडांवर. गाठींवर आला तर मूठ मिटताना घासतो. मनगटाकडे सरकला तर वजन बोटांकडे लोंबतं आणि ते सावरायला बोटं आपोआप आवळली जातात, म्हणजे सगळा खटाटोप वाया.

लांबी कायमची शिवून टाकू नका. चालताना हात फुगतात. अंगठी घट्ट होते ती त्यामुळेच. सकाळी निघताना नीट बसलेला पट्टा परतताना काचतो. म्हणून पट्टा मधे तोडून वेल्क्रो लावा, जोड हाताच्या पाठीवर येईल असा. प्लास्टिकची बकल नको, घाम आणि पाऊस लागला की सरकते. वेल्क्रोची खरखरीत बाजू वरच्या पदराच्या आतल्या अंगाला, म्हणजे ती कधीच कातडीला लागत नाही.

तपासणी अशी करा. पट्टा लावा, हात खाली सोडा, पाचही बोटं सरळ ताणा आणि हात जोरात झटका. गज तळव्यापासून सुटून परत आदळत असेल तर पट्टा सैल आहे. आता मूठ हलकेच मिटा आणि दुसऱ्या हाताचं एक बोट पट्ट्याखाली घाला. बोट सहज गेलं पाहिजे, दोन जाता कामा नयेत. शेवटी तोल बघा: मधलं बोट जिथे येतं तिथे गजाखाली फक्त एक बोट आडवं धरा आणि बाकी हात काढून घ्या. गज आडवा राहिला तर ठीक. अंगठ्याकडचं टोक खाली गेलं तर गज त्या बाजूला जास्त बाहेर आलाय, तो करंगळीकडे सरकवा. अंगठ्याकडे झुकलेलं वजन पळताना मनगटाला सतत पुढे पाडतं, आणि मनगट तासाभराने का होईना, त्याचा हिशेब मागतंच.

मूठ

२५ च्या गजावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन थर साबणाच्या पाण्याने सरकवा, वर क्रिकेट बॅटची रबरी ग्रिप. २२ च्या गजाला हा उपद्व्याप नको, सायकलच्या हँडलची ग्रिप त्यावर नेमकी बसते. बंद टोक तेवढं कापा. अंगठा आणि मधल्या बोटाची टोकं एकमेकांना सहज टेकली म्हणजे जाडी बरोबर. बोटांच्या खाचा पाडलेल्या आकर्षक ग्रिप घेऊ नका. त्या कुणा दुसऱ्याच्या बोटांच्या असतात.

गजाची उघडी तोंडं ऑइल पेंटने रंगवा. साताऱ्याच्या पावसाळ्यात ब्राइट बारचा ब्राइटपणा आठवडाभरही टिकत नाही. पैसे असतील तर सरळ स्टेनलेस स्टीलचा गज घ्या, वजन जवळपास तेवढंच भरतं.

वापर

पहिल्या दिवशी शाहू स्टेडियमवर किंवा गोडोलीच्या तळ्याकाठी सपाटीला दहा मिनिटं चाला. कोपर वाकवून हात हलवा, मुठी छातीच्या वर नेऊ नका. हात सरळ लोंबता ठेवला की टोकाच्या वजनाने त्याचा झोका संथ होतो, आणि पावलांचा वेग गाठायला खांद्याला ढकलत राहावं लागतं. अधूनमधून बोटं उघडून बघा. सोबतच्या माणसाला तुमच्या खांद्यांकडे लक्ष ठेवायला सांगा, स्वतःला ते कळत नाही. दहा मिनिटं निर्वेध गेली तर पुढच्या आठवड्यात वीस.

अजिंक्यताऱ्याची चढण किंवा यवतेश्वरचा घाट चढताना वजनं छान साथ देतात. उतरताना ती काढून कमरेच्या पिशवीत टाका, याला अपवाद नाही. उतारावर पाय घसरला की माणूस हात टेकतो, आणि तळव्यात लोखंडाचा गज बांधलेला असेल तर आधी बोटं जातात. हिल मॅरेथॉनच्या तयारीला लागलेल्या मंडळींना उतारावरही वजनं मिरवायची हौस असते. त्यांच्या पाठून धावू नका. अंधारात, खडीच्या रस्त्यावर आणि रहदारीतही वजनं पिशवीतच बरी. पहाटेच्या गल्लीतल्या कुत्र्यांना तुमच्या हातातली वस्तू दगड वाटते, हे वेगळं.

महिन्यातून एकदा पट्ट्याची शिलाई आयलेटजवळ तपासा, ती तिथूनच उसवते. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढा. पट्टा बोल्ट काढून वेगळा धुता येतो, बुश मात्र डबीत टाकून ठेवा, वॉशिंग मशिनच्या आसपास तो हमखास हरवतो.