बाळ एनआयसीयूत असताना रुग्णालयात रात्र कशी काढावी

बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत आणि बाळंतीण वॉर्डात, अशी पहिली रात्र आली की घरचे पाच-सहा जण पॅसेजमध्ये चटया टाकून बसतात. त्यातले बहुतेक घरी गेले तरी बाळाचं काही अडत नाही. रात्री थांबायचं ते दोन कामांसाठी: बाळाला आईचं दूध वेळेवर मिळावं आणि बाळ आईच्या अंगाला लागावं. त्यासाठी आई हवी आणि आईला सांभाळणारं एक माणूस हवं, बाबा किंवा आजी. बाकीच्यांनी सकाळी डबा घेऊन यावं.

१. संध्याकाळीच विचारून ठेवा

पाळी बदलत असताना सिस्टरना गाठू नका, तेव्हा त्या एकेका बाळाची माहिती पुढच्या पाळीला देत असतात. अर्ध्या तासाने जा आणि नेमकं विचारा: रात्री आत किती वाजता सोडता, आईने कुठे झोपायचं, दूध कुठे काढायचं आणि कुणाच्या हातात द्यायचं. दोन मोबाइल नंबर फाइलवर लिहून घेतलेत ना, हे डोळ्यांनी बघा.

काही सरकारी रुग्णालयांत आता आईची खाट बाळाशेजारीच असते. एक ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. तेव्हा अशी सोय असेल तर संकोच न करता मागा.

पैशाचंही याच वेळी बघा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त त्यात मोफत आहे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात पडली तर मेडिकलकडे धावण्याआधी वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात विचारा. खासगी रुग्णालय महात्मा फुले योजनेत असेल तर रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला भेटा, तेही दाखल झाल्या झाल्या.

२. पिशवीत काय

पुढून उघडणारे दोन-तीन सैल गाऊन, जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा, बाळाची टोपी आणि मोजे, पॅड, चादर, पाण्याची बाटली, लांब वायरचा चार्जर, वही-पेन. आणि खाऊ! दूध काढून झाल्यावर रात्री तीन वाजता कँटीन बंद असतं आणि भूक मात्र सडकून लागते. अळिवाचा नाहीतर डिंकाचा लाडू तेव्हाच उपयोगी पडतो.

अंगठ्या, घड्याळ आणि हिरवा चुडा घरी. यावरून घरात कुरबुर होईल, होऊ द्या. हात कोपरापर्यंत धुवायचे असतात आणि बांगडीखालची जागा नीट धुतली जात नाही. काळा दोरा, काजळ, अंगारा पेटीत नेऊ नका. अंगारा आईच्या उशाशी ठेवला तर कुणाची हरकत नसते.

३. दुधाची पाळी लावा

दर दोन-तीन तासांनी, म्हणजे दिवस-रात्र मिळून किमान आठ वेळा दूध काढायचं. मध्यरात्र ते पहाट यांत एकदा तरी काढाच, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. पहिले दोन दिवस चिकाचे थेंबच येतील. तेही सिस्टरकडे द्या. काही मिलीलिटर चीकही या बाळांना मोलाचा असतो.

हात धुवा, कोमट फडक्याने छाती शेका. स्तनाग्राभोवतीच्या गडद भागाच्या कडेला वर अंगठा आणि खाली बोटं ठेवा. आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग अंगठा-बोटं जवळ आणा, सोडा. बोटं कातडीवर घासत नेऊ नका, त्याने नुसतं दुखतं. भांड्यावर आईचं नाव, तारीख, वेळ लिहा. हे लिहिणं, गजर लावणं, भांडी धुणं, आईला वॉर्डातून एनआयसीयूपर्यंत नेणं-आणणं ही सोबत थांबलेल्याची कामं. आईने दूध काढायचं आणि झोपायचं.

दूध कमी पडलं तर डॉक्टरांना दूधपेढीबद्दल, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवतात त्या जागेबद्दल विचारा. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या रुग्णालयात सुरू झाली. मध, गुटी, वरचं दूध आपल्या मनाने अजिबात नाही.

४. बाळाला छातीशी घ्या

डॉक्टरांनी होकार दिला की रात्रीचा निवांतपणा याला उत्तम. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे, लंगोट. आई किंचित मागे रेलून बसते, बाळ दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, मान एका कुशीला वळवलेली, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून साडीचा तुकडा घट्ट गुंडाळायचा. एकदा घेतलं की तासभर तरी हलवू नका. बाबांनाही हे जमतं, शर्ट काढायची लाज सोडली की झालं. मात्र मोकळं बाळ अंगावर घेऊन खुर्चीत डुलक्या काढू नका.

मॉनिटर मधूनच किंचाळेल. पुष्कळदा बाळाने पाय झाडलेला असतो आणि पावलाला लावलेला, ऑक्सिजन मोजणारा लाल दिव्याचा प्रोब सरकलेला असतो. सिस्टर आधी बाळाचा रंग आणि छातीची हालचाल बघतात, आकडा मागून. तुम्हीही तसंच बघा. बाळ निळसर दिसलं किंवा श्वास थांबल्यासारखा वाटला तर लगेच हाक मारा. प्रोब स्वतः नीट करायला जाऊ नका.

५. आईवर लक्ष

सगळे बाळाकडे बघत असतात आणि बाळंतीण अंगावर दुखणं काढते. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ताप, टाक्यांतून पू, प्रचंड डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी: यातलं काहीही दिसलं तर तिच्या वॉर्डच्या डॉक्टरांना त्याच क्षणी उठवा, सकाळची वाट बघू नका. दोनदा दूध काढण्यामध्ये एकदा चार तासांची सलग झोप तिला मिळू द्या. त्या वेळात विचारपूस करणाऱ्यांचे फोन सोबतच्या माणसाने घ्यावेत.

६. सकाळचा राउंड

वहीत रोज तीन आकडे: वजन ग्रॅममध्ये, एका वेळचं दूध मिलीलिटरमध्ये, ऑक्सिजन किती. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. कमी दिवसांच्या बाळांना जरा जास्त वेळ लागतो. प्रश्न आदल्या रात्रीच लिहून ठेवा, डॉक्टर समोर आले की काही सुचत नाही.

७. घरी जाण्याआधीची रात्र

डिस्चार्जच्या आधी एक रात्र बाळ पूर्णपणे आमच्याकडे द्या, असा आग्रह धरा. बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने दूध पाजणं, गुंडाळणं, औषधाचे थेंब, सगळं सिस्टरच्या नजरेखाली करून बघा. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी असेल तर डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी, अगदीच लवकर आलेल्या बाळांची त्याहूनही आधी. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. सरकारी रुग्णालयातून घरी सोडायला १०२ ची गाडी मोफत असते. आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.