सॉफ्टइमेजमधलं जुनं पात्र गेममध्ये नेताना
सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेवर गेम करायचाय आणि नंदीध्वज पेलणारा माणूस सॉफ्टइमेज या जुन्या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या फाइलीत अडकलाय? मग एफबीएक्स (थ्रीडी पात्र एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारी फाइल) काढण्याआधी सीनची कॉपी करून तिच्यात अ‍ॅनिमेशन प्लॉट करा, म्हणजे सगळी हालचाल थेट पात्राच्या आतल्या सांगाड्याच्या हाडांवर नोंदवा. आयके (हाता-पायाचं टोक हलवलं की बाकीचे सांधे आपोआप वळवणारी सोय), कन्स्ट्रेंट (एक वस्तू दुसरीला बांधणारा नियम) हे सगळं सॉफ्टइमेजचं घरचं गणित. युनिटी किंवा गोडो या गेम इंजिनांना हाडांवरच्या की-फ्रेमच (त्या त्या क्षणाच्या नोंदलेल्या स्थिती) लागतात. नाहीतर बऱ्याचदा पात्र हात पसरून ढिम्म उभं राहतं. ध्वजाच्या काठीला वेगळं हाड द्या, नुसत्या कन्स्ट्रेंटच्या भरवशावर ठेवली तर ती हवेत तरंगेल. पात्राच्या जाळीतल्या एका व्हर्टेक्सवर, म्हणजे बिंदूवर, चारपेक्षा जास्त हाडांचा भार टाकू नका. ऑटोडेस्कने २०१४ मध्येच हे सॉफ्टवेअर गुंडाळत असल्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा ते चालणारं मशीन हाताशी आहे तोवर बाकीची पात्रंही काढून घ्या.