फौंड्रीतली धूळ आणि गुळाचा खडा : या चुका टाळा

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळी गेटवर उभं राहून बघा. फौंड्रीतला फेटलिंगचा, म्हणजे ओतीव लोखंडी भाग घासून साफ करणारा, गडी तोंडावरचा रुमाल सोडतो, नाक शिंकरतो, काळं येतं. मग खिशातला गुळाचा खडा तोंडात टाकतो. गुळानं धूळ निघून जाते म्हणे! गूळ आपल्या कोल्हापूरचा, म्हणून भरवसाही दांडगा. पण गूळ जातो पोटात आणि धूळ बसते फुफ्फुसात. खडा खुशाल खा, फक्त औषध समजू नका.

रुमालाचंही तेच. नाकातून काळं येतं ती जाडी धूळ, ती नाकानंच अडवलेली असते. घात करणारे कण 5 मायक्रॉनहून बारीक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डोळ्याला न दिसणारे. ते रुमालातून आरपार जातात. एन 95 मास्क घ्या, पण दाढी वाढलेली असेल तर तोही कडेनं हवा सोडतो. आणि सुटताना हवेच्या पाइपनं कपडे झाडू नका. खाली बसलेली धूळ पुन्हा नाकासमोर येते. झाडू मारायच्या आधी पाणी शिंपडा.

‘लोखंडाचीच तर धूळ आहे’ असं म्हणणारे भेटतात. निव्वळ लोखंड असेल तर एक्स-रेत डाग दिसतात, पण दमाला सहसा फारसा फरक पडत नाही. त्याला सिडरोसिस म्हणतात. मात्र कास्टिंगला, म्हणजे साच्यातून काढलेल्या ओतीव भागाला, वाळू चिकटलेली असते. ग्राइंडर लावला की तिच्यातली सिलिका उडते आणि फुफ्फुसात वण धरतात. हाच सिलिकोसिस. हे वण भरून येत नाहीत, काम सोडल्यावरही वाढू शकतात. कार्बाइडच्या टूलला धार लावणाऱ्यांना त्यातल्या कोबाल्ट धातूच्या धुळीचा धोका वेगळाच.

सगळ्यांत महागात पडते ती चूक दवाखान्यात होते. आमच्या दाजींना डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? दाजी म्हणाले, “कंपनीत आहे.” एक्स-रेत डाग, खोकला, वजन उतरलेलं. बेडका न तपासताच सहा महिने टीबीच्या गोळ्या. तिसऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या तळहाताच्या काळ्या रेघा बघितल्या आणि मग नीट विचारलं : कुठल्या खात्यात, किती वर्षं, वाळू असते का? सिलिकोसिस निघाला. सिलिकोसिसवाल्याला टीबीही लवकर धरतो, म्हणून बेडका तपासायलाच हवा. पण खातं आणि वर्षं न विचारता सांगा.

सिलिकोसिस हा कायद्यानुसार सरकारला कळवायचा आजार आहे, डॉक्टरांनीसुद्धा. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, त्याची भरपाई मिळू शकते. ठेकेदाराकडे असाल तर ईएसआयचा नंबर स्वतःजवळ लिहून ठेवा.

आणि एक्स-रेच्या जुन्या फिल्म टाकू नका. आजार कधीपासून, किती वाढला, हे त्याच सांगतात. दाजींची पाच वर्षांपूर्वीची फिल्म आम्ही घरभर शोधली. न्हाणीच्या खिडकीच्या फुटक्या काचेला लावलेली सापडली, उन्हानं पिवळी पडलेली.