‘बघतो’ हे उत्तर नव्हे

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात बसून जर्मनीतील डिझायनर आणि न्यूयॉर्कमधील विक्री विभागाबरोबर काम करताना खरी अडचण इंग्रजीची क्वचितच असते. बहुतेक घोटाळे वेळ, आकडे आणि होकार यांतून होतात.

आपले घड्याळ वर्षभर बदलत नाही. जर्मनीचे मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते, त्यामुळे आपल्यातील अंतर उन्हाळ्यात साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार तासांचे असते. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होत असल्याने मधल्या काळात ठरलेल्या बैठकीला कोणीतरी तासभर आधी किंवा उशिरा येतो. म्हणून निमंत्रणात तिन्ही ठिकाणची वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहावी. जर्मन माणूस ‘हाल्ब द्राय’, म्हणजे शब्दशः ‘अर्धा तीन’, म्हणतो, तेव्हा त्याला साडेतीन नव्हे, अडीच म्हणायचे असते.

03/04 ही तारीख आपल्याकडे 3 एप्रिल, तर अमेरिकेत 4 मार्च होते. महिना अक्षरांत लिहावा. दीड लाख नग 150,000 असेच कळवावेत. ‘जरा जाड’ याऐवजी 500 जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन) म्हणावे आणि मापापुढे सेंटीमीटर की इंच ते लिहावे. रंग कॅमेऱ्यासमोर धरून मंजूर करून घेऊ नये, कारण प्रत्येक पडद्यावर तो वेगळा दिसतो. पॅन्टोन या रंगसूचीतला क्रमांक द्यावा आणि लॅब डिप, म्हणजे त्या रंगात रंगवलेला कापडाचा छोटा नमुना, कुरिअरने पाठवावा.

सर्वांत जास्त काळजी होकाराची घ्यावी. आपल्याकडे ‘बघतो’ किंवा ‘होऊन जाईल’ यातला नकार समोरच्याला स्वरावरून कळतो, आणि तोंडावर नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते. परदेशी सहकारी मात्र हे उत्तर होकार म्हणून वहीत टिपतो आणि पुढची जहाजाची तारीख त्यावर ठरवतो. माझ्या मते नम्रता सुरात ठेवावी, मजकुरात ठेवू नये: “14 तारखेपर्यंत डाइंग पूर्ण होणार नाही. बॉर्डरचा रंग उद्या कळवल्यास नमुना 17 तारखेला निघेल.” कॉल संपताच काय ठरले, ते कोण व केव्हा करणार, हे चार ओळींत सर्वांना पाठवावे, फोनवर तुटक ऐकू आलेले तिथे दुरुस्त होते.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे कारखान्यात हजेरी घटणार असेल, तर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कळवावे, कारण नाताळच्या सुट्टीत तिकडे ईमेल वाचणारे फारसे कोणी नसते.