जुन्या डेस्कटॉपचा स्टार्टअप पासवर्ड कसा काढावा

कॉम्प्युटर चालू करताच, विंडोज यायच्या आधीच पासवर्ड मागितला जात असेल, तर तो बहुधा बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डावरच्या मूळ प्रोग्रामचा पासवर्ड. विंडोज नव्याने टाकून किंवा हार्ड डिस्क बदलून तो जात नाही. ‘मास्टर पासवर्ड’च्या याद्या बडवत बसू नका, त्या मोजक्याच जुन्या बायोसवर चालतात.

जुन्या डेस्कटॉपमध्ये हा पासवर्ड बहुधा सीमॉस मेमरीत, म्हणजे मदरबोर्डावरच्या छोट्या सेलच्या विजेवर टिकणाऱ्या मेमरीत असतो. तिची वीज तोडली की तो पुसला जातो. ‘सेल काढा, पाच मिनिटं थांबा’ हा सल्ला इथूनच आला, आणि तो फसतोही इथेच. डेस्कटॉपमधला नेहमीचा एटीएक्स पॉवर सप्लाय कॉम्प्युटर बंद असतानाही बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा करत असतो. पॉवर केबल लावलेली असेल तर सेल रात्रभर बाहेर ठेवला तरी काही पुसलं जाणार नाही.

म्हणून आधी केबल उपसा. मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमधली उरलीसुरली वीज जाईल. बोर्डावरचा छोटा दिवा पेटलेला असेल तर तो विझू द्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला.

आता जंपर, म्हणजे शेजारच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी. सेलच्या आसपास तीन पिना दिसतील; शेजारी ‘सीएलआर सीमॉस’, ‘सीएलआरटीसी’ किंवा ‘जेबॅट१’ असं काहीसं छापलेलं असतं. सर्वसाधारण बोर्डावर टोपी १-२ वरून २-३ वर न्यायची, दहा सेकंदांनी परत १-२ वर आणायची, आणि मगच केबल लावायची. टोपी २-३ वर असताना मशीन चालू करू नका. काही बोर्डांना ते सोसत नाही.

पण हा नियम सगळीकडे लावू नका. इंटेलच्या अनेक बोर्डांवर नेमकं उलटं आहे: टोपी २-३ वर ठेवूनच मशीन चालू करायचं, मग सेटअप (बायोसच्या सेटिंगचा पडदा) उघडतो आणि त्यात पासवर्ड काढायची सोय मिळते. डेलच्या बऱ्याच डेस्कटॉपवर ‘पीएसडब्ल्यूडी’ नावाचा वेगळा जंपर असतो. त्याची टोपी काढून मशीन सुरू केलं की पासवर्ड जातो. बोर्डाचा मॉडेल नंबर बघा, मॅन्युअल उघडा, आणि मगच पिनांना हात लावा.

जंपर नसेल तर सेल काढा आणि रिकाम्या खाचेतले दोन्ही संपर्क स्क्रू-ड्रायव्हरने काही सेकंद जोडा. खाच शॉर्ट करायची, सेल नव्हे! बसवताना सीआर२०३२ प्रकारचा सेल नवाच बसवा.

पहिल्यांदा चालू केल्यावर ‘चेकसम एरर’ येईल, ती यायचीच. सेटअपमध्ये तारीख-वेळ लावा आणि साटा मोड (बायोस डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते) तपासा. आधी आयडीई असेल आणि रीसेटनंतर एएचसीआय झाला (किंवा उलट), तर विंडोज निळा पडदा दाखवते. लोक मग डिस्क गेली समजून फॉरमॅट करतात. मोड बदलून बघा, बहुधा तेवढंच असतं.

लॅपटॉपवर यातलं काही सहसा चालत नाही. तिथे पासवर्ड बहुतेकदा ईईप्रॉम चिपमध्ये असतो, तिला सेल लागतच नाही. खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात जा. हार्ड डिस्कला स्वतःचा पासवर्ड घातलेला असेल तर तो डिस्कवरच राहतो, बायोस कितीही वेळा रीसेट केला तरी.