सिनेमाचा शेवट पटत नाहीये? या चुका टाळा

पटकथा कुणाला वाचायला दिली आणि "बाकी सगळं छान, शेवट तेवढा पटला नाही" असं उत्तर आलं, की लेखक शेवटचीच पानं उघडून बसतो. नवा शेवट लिहितो, तोही पटत नाही, मग तिसरा. दोष बहुधा तिथे नसतोच. शेवटी जे उगवायला हवं, ते आधी पेरलेलंच नसतं.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे आयती सुटका. प्राचीन ग्रीक रंगभूमीवर देवाला यारीने (क्रेनने) वरून खाली सोडत आणि तो सगळा गुंता सोडवून टाकी. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या 'मीडिया' या नाटकात (इ.स.पू. 431) नायिका शेवटी सूर्याच्या रथातून निसटते. ॲरिस्टॉटलला ते खटकलं होतं. उकल कथानकातूनच निघावी, असं त्याचं म्हणणं. आता देवाऐवजी पोलीस येतात. 'शोले'त (1975) ठाकूर गब्बरला ठार मारतो असा शेवट चित्रित झाला होता, पण सेन्सॉरच्या हरकतीमुळे ऐन क्षणी पोलीस आणून ठाकूरला थांबवावं लागलं. एवढा मोठा सिनेमा ते पचवून गेला. तुमच्यावर कुणी सक्ती केलेली नसेल, तर पोलिसांना बोलावू नका.

योगायोग मुळात वाईट नाही. त्याच्यामुळे नायक अडकला, तर प्रेक्षक सरसावून बसतो. त्याच्यामुळेच सुटला, तर खुर्च्या कुरकुरू लागतात.

दुसरी चूक मला जास्त चीड आणते: दोन तास सगळ्यांच्या चार पावलं पुढे असलेला खलनायक शेवटच्या प्रसंगात पिस्तूल रोखून भाषण ठोकत बसतो. लेखकाला नायक जिंकायला हवा असतो, म्हणून बिचाऱ्याची अक्कल काढून घेतली जाते. यावर उपाय आहे. तो प्रसंग एकदा खलनायकाच्या बाजूने लिहून काढा. त्याला खरोखर जिंकायचं असेल तर तो काय करेल? मग नायकाकडे त्यावर काय तोड आहे ते शोधा. तोड सापडली नाही, तर कदाचित तुमचा नायक हरणारच आहे.

(सगळं स्वप्न होतं, हा शेवट सुचला असेल तर झोपा आणि उद्या परत लिहा.)

इथे एक गल्लत होते. 'पटत नाही' म्हणजे 'असं खऱ्या आयुष्यात घडत नाही' असा अर्थ नव्हे. भुतं, उडणारी माणसं, काळात मागे जाणारं यंत्र, हे सगळं प्रेक्षक पहिल्या वीस मिनिटांत बिनतक्रार मान्य करतो. पण भूत उंबरठा ओलांडू शकत नाही असं एकदा सांगितलंत, की शेवटी ते आत येता कामा नये. आलंच, तर उंबरठा कुणीतरी उखडलेला आम्हाला दिसला पाहिजे.

तपासणी सोपी आहे. शेवटच्या दहा मिनिटांत ज्या वस्तू, कौशल्यं आणि माणसं कामी येतात, त्यांची यादी करा. प्रत्येकासमोर ते पहिल्यांदा कुठल्या पानावर दिसलं, तो आकडा लिहा. आकडा मध्यंतरानंतरचा असेल, तर मागे जा. पेरताना मात्र लपवून पेरा. नायिकेला कुलूप उघडता येतं हे संवादात सांगू नका. आधी एखाद्या विनोदी प्रसंगात ती स्वतःच्याच घराबाहेर अडकू दे.

शेवट बदललात, तर जुनी पेरणी उपटायलाही विसरू नका. 'फेटल अट्रॅक्शन' या हॉलिवूडपटाच्या (1987) मूळ शेवटी, विवाहित डॅनच्या मागे लागलेली ॲलेक्स चाकूने आत्महत्या करते आणि चाकूवरच्या ठशांमुळे आळ डॅनवर येतो. चाचणी खेळांत तो प्रेक्षकांना रुचला नाही, म्हणून नवा शेवट चित्रित झाला आणि त्यात डॅनची बायको तिला गोळी घालते. सिनेमा तुफान चालला. पण नायिका स्वतःला संपवते तो 'मादाम बटरफ्लाय' ऑपेरा ॲलेक्सला आवडतो, हे मधले धागे तसेच राहिले, एका कापून टाकलेल्या शेवटाकडे बोट दाखवत.